एकेरी पापणीची मल-सुन

नोव्हेंबर अर्धा सरला की देगूत बर्फ पडत नाही, पडते ती कोरडी, खरखरीत थंडी. चहूकडं डोंगर आणि मधे परातीसारखं शहर, त्यामुळं उन्हाळ्यात आम्ही भाजतो आणि हिवाळ्यात वाळतो. त्या गुरुवारी सकाळी आमच्या इमारतीच्या जिन्याचा लोखंडी कठडा असा गार होता, की हात लावला तर चटका बसावा. वर तिसऱ्या मजल्यावर बांग मल-सुन रोजच्यासारखी साडेआठलाच येऊन आरसे पुसत बसली होती. हातात धरायचे गोल आरसे, मोजून चौदा. प्रत्येकावर तोंडाची वाफ सोडायची, कापडानं पुसायचा, उजेडाकडं तिरपा धरून बघायचा. आदल्या दिवशीच्या पोरींच्या बोटांचे ठसे, कुठं पावडर, आणि एकावर चक्क ओठ टेकल्याची लाल खूण.

"स्वतःचाच मुका घेतला की गं बयेनं," मल-सुन म्हणाली आणि त्या आरशावर जरा जास्त वाफ सोडली.

दवाखाना पापण्यांचा. एकेरी पापणीवर बारीक घडी घालून ती दुहेरी करून देतात, डोळा उघडा आणि मोठा दिसतो. आमच्याकडं कॉलेजप्रवेशाची परीक्षा संपली, की दुसऱ्या दिवसापासून जिन्यात पोरींची रांग लागते. हॉलतिकीट दाखवलं की सवलत. आया सोबत असतात, कुणाकुणाची आजीही असते, आणि कधी कधी आजीच म्हणते, पोरीचं झालं की माझंही बघा, कातडी डोळ्यावर लोंबतेय, भाजी चिरताना बोट दिसत नाही. माझं खाली चष्म्याचं दुकान आहे. टाके असेपर्यंत सूज लपवायला जाड काड्यांचे, साध्या काचांचे मोठे चष्मे लागतात, तेवढ्यावर माझा डिसेंबर निघतो.

डॉक्टरांच्या आधी प्रत्येकीला बसावं लागायचं मल-सुनच्या समोर. सत्तावीस वर्षं ती त्याच खुर्चीत होती. वय छप्पन्न. माहेर उइसॉंगचं, जिथल्या लसणाचा वास म्हणे पोरींच्या लग्नातल्या कपड्यांनासुद्धा येतो. चार पोरींवर पाचवी झाली म्हणून बापानं 'शेवटची' अशा अर्थाचं नाव ठेवून दिलं आणि तिच्या पाठीवर सहावीही झालीच. पापण्यांवर मल-सुनची नजर अशी बसलेली, की बसमध्ये समोरच्या बाईनं दोनदा डोळे मिटले तर ही सांगायची, कापून केलंय की नुसता टाका घालून, आणि गावातल्या कुठल्या डॉक्टरच्या हातचं.

आणि हिच्या स्वतःच्या पापण्या? कोऱ्या. आईनं दिल्या तशा. डोळे म्हणजे सुरीनं मारलेल्या दोन रेघा.

याचं आख्ख्या इमारतीला कुतूहल. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी म्हणायचा, तिला सुईची भीती आहे, एकदा बोटात टाचणी गेली तर तिनं किती आरडाओरडा केला होता. नर्स ग्योंग-आ म्हणायची, ताईला कुणा चेहरा वाचणाऱ्यानं सांगितलंय, घडी पडली की घरातली बरकत जाईल. चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या मास्तरांचं मत होतं, की तिनं आत इतकं बघितलंय, आता हिंमत होत नसेल. मी एकदा सरळच विचारलं होतं.

"तुला कशाला एवढी चौकशी?" ती म्हणाली. "माझं स्थळ बघतोयस का?"

बारा वर्षांपूर्वी विधवा झालेली बाई असं म्हणाल्यावर पुढं काय विचारणार.

सप्टेंबरात थोरले डॉक्टर यॉम दवाखाना जावयाच्या हाती देऊन मधमाश्या पाळायला गावी निघून गेले, आणि जे कुतूहल होतं त्याचं संकट झालं. जावई डॉक्टर नामगुंग राजधानीतून आलेले. हात चांगला, कपड्याला सुरकुती नाही, आवाज कधी चढत नाही. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. पोरीचा फोटो काढायचा, की पडद्यावर तिचे नवे डोळे तयार. मग एके दिवशी त्यांनी मल-सुनला आत बोलावलं.

"बांगबाई, तुम्ही समोर बसता. पोरी तुमच्याकडं बघतात. त्यांच्या मनात पहिला प्रश्न कुठला येत असेल?"

"विचारतात की. मावशी, तुम्ही का नाही केलं?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, तुझं बघू आधी."

डॉक्टर हसले नाहीत. "मी स्वतः करतो तुमचं. पैसे नकोत, एक वॉनही नको. टाके निघाले की परत याच खुर्चीत. नाही म्हणालात तर डिसेंबरपासून तुम्ही आत, टॉवेल आणि गाऊनच्या खोलीत, आणि समोर दुसरी कुणी. महिनाअखेरपर्यंत सांगा."

दुसरी कुणी येऊनही बसली होती. हा-वॉन नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी, घडी इतकी सुबक की पडद्यावरून उतरल्यासारखी. मल-सुनच्या शेजारी स्टूल टाकून वहीत लिहून घ्यायची. मल-सुनला तिचा राग नव्हता. तिला नुसतं वाटायचं, ही लिहितेय काय?

तर त्या गुरुवारी, आरसे जागच्या जागी लावून झाले तेवढ्यात छॉंगदोहून एक आई आणि मुलगी आल्या. आईच्या हातात अमरफळांची पेटी, अंगात मळ्यातलं जाड जाकीट. मुलगी अठराची, नाव सो-दाम. खाली मान.

"ह्ये घ्या, आमच्या झाडाची हायती. बी नसतं ह्यात," आईनं पेटी टेबलावर ठेवली. "आनि बाई, मी आदीच सांगून ठेवते, आमच्या सो-दामला घडी हाय. आजीवर गेलीया. आजी गेली त्या वर्सीच उमटली बगा, आपसूक. आता म्हंती ती बारीक हाय, मोठी पायजे. मी म्हनलं, हाय ती कशाला कापायची? पर परीक्षा दिली पोरीनं, तिचा बाप म्हनाला, करून टाक."

मल-सुननं मुलीकडं बघितलं. घडी होती खरी. दोन्ही डोळ्यांवर, नीट.

"खाली बघ गं पोरी. माझ्या चपलेकडं."

सो-दामनं खाली बघितलं. खरी घडी खाली बघितलं की सुटते, कातडी सपाट होते. हिची तशीच चिमटून राहिली आणि पापणीच्या कडेला धाग्याएवढी चकाकी दिसली. कातडी लालसर, फुगलेली.

मल-सुन मागं वळली. "हा-वॉन, सो-दामच्या आईला बार्लीचा चहा दे बाई, बाहेरच्या खोलीत. थंडीतून आल्यात. आणि तूही तिथंच बस."

दार लागलं. मग तिनं विचारलं, "कधीपासून लावतेस?"

"काय?"

"गोंद. पापणी चिकटवून घडी पाडायचा."

मुलीचे कान लाल झाले. मान वर न करता म्हणाली, "नववीपासून."

"झोपताना काढतेस ना?"

"झोपताना कसा काढू? सकाळी आई उठवायला येते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजी गेली, त्यानंतर महिनाभरानं मैत्रिणीकडून बाटली आणून तिनं गंमत म्हणून लावून बघितलं. स्वयंपाकघरात गेली तर बापाच्या हातातला चमचा खाली पडला. आत्या रडली. सगळे म्हणाले, अगं, आजीच आली की परत! त्या दिवशी पुसायचं राहिलं ते तीन वर्षं राहिलं. आता मार्चमध्ये कॉलेजच्या वसतिगृहात जायचं, खोलीत आणखी तिघी. तिथं रोज रात्री गोंद लावणार कशी? कापून घेतलं, की खोट्याचं खरं होणार होतं आणि कुणाला कधी कळणार नव्हतं.

"आईला सांगू नका मावशी."

"मी कशाला सांगू? आज ती बाटली आणलीयस सोबत?"

मुलीनं मान हलवली. दप्तरातच होती.

तेवढ्यात डॉक्टर नामगुंग आले. जिन्यात रांग वाढत होती. त्यांनी हनुवटी उचलली, मोजायची बारीक पट्टी लावली, जांभळ्या पेनानं दोन्ही पापण्यांवर रेघ मारली आणि फोटो काढला. "सात मिलिमीटर. बसलेलीच आहे घडी, सोपं काम. शनिवारी अकराला जागा आहे." आणि निघाले.

मल-सुन मागोमाग खोल्यांमधल्या बोळात गेली. "डॉक्टर, हिला शनिवारी नको. आठवडा जाऊ दे."

"का?"

"गोंद आहे. तीन वर्षांचा. रात्रीचासुद्धा."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "मग पुसून घ्या. शनिवारी सकाळी पुन्हा रेघ मारू."

"पापणी सुजलीय. सुजलेली पापणी खोटं सांगते. आज सात म्हणेल, महिन्यानं नऊ दिसेल."

"बांगबाई, हंगाम आहे. आठवड्यात ती समोरच्या इमारतीत जाऊन करून घेईल. ते विचारणारसुद्धा नाहीत."

"जाईल तर जाईल."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आवाज तसाच, चढलेला नाही. "आज तुम्ही तिला परत पाठवलंत, तर तुमच्या पापण्यांबद्दलचं उत्तर नाही असं मी धरून चालेन."

हे मल-सुननं मला नंतर पिठाच्या शेवया खाताखाता सांगितलं. म्हणाली, बोळात उभं राहून मला टॉवेलांच्या खोलीचं दार दिसत होतं. खिडकी नाही तिथं. दिवसभर यंत्राचा गरगर आवाज. सत्तावीस वर्षं मी माणसांचे चेहरे बघितले, आता फिरणारे टॉवेल बघायचे.

मग ती परत आत गेली आणि सो-दामच्या आईला बोलावून म्हणाली, "पोरीच्या पापणीला लाली आहे. आठवडाभर डोळ्याला काही लावायचं नाही. रंग नाही, मलम नाही, काहीच नाही. पुढच्या शुक्रवारी या."

"त्ये मेकपनं झालं असंल," आई म्हणाली. "मी तर कवाची सांगती."

सो-दाम पांढरी पडली. आई जाकिटाची चेन लावत बाहेर गेली तशी ती दाराशीच थांबली. "मावशी, मारून टाकलंत मला. घरी काय सांगू?"

"ये इकडं. बस." मल-सुननं खणातून एक बोथट, वाकडी तार काढली. स्वतःच्या उजव्या पापणीवर टेकवली, हलकेच आत दाबली आणि डोळा उघडला. घडी पडली. "हे बघ, सात. असं दिसतं, माझ्यासारखीच्या चेहऱ्यावर."

मुलगी नकळत पुढं सरकली. "दचकल्यासारखं दिसतंय."

"दिसतं ना? हे सहा." तार सुईच्या टोकाएवढी खाली आली. "हे पाच. ही आतल्या कोपऱ्यातून निघते, आणि ही बघ, बाहेरून. आजीची कुठली होती?"

"आजीची... आतूनच. पण डाव्या डोळ्याला दोन होत्या. हसली की." सो-दाम स्वतःच हसली. "परत सहा करा ना. आता डावीकडं पाच. दोन्ही वेगळे चालतात?"

"आजीचे चालत होते की."

मल-सुननं तार काढली. डोळे दोनदा मिटले, उघडले. घडी गेली, पापणी पहिल्यासारखी सपाट.

"तुमची परत जाते!" मुलगी बघतच राहिली.

"म्हणून तर ठेवलीय. पाटी आहे ही, पोरी. थोरले डॉक्टर रोज सकाळी हिच्यावर लिहून बघायचे आणि मग पुसायचे. एकदा कापली की एकच अक्षर राहणार." तिनं तार पुसली. "पडद्यावर तुझा फोटो हसतो का? डोळे मिटतो का? मी मिटून दाखवते. जा आता, गाडी चुकेल."

शेवयांचा वाडगा समोर ठेवून मी हे ऐकलं, तेव्हा मला आमच्या शिंप्याची, नर्सची आणि मास्तरांची कीव आली. सगळ्यांच्या कहाण्या केवढ्या मोठ्या होत्या.

"मग हेच सांग की डॉक्टरांना," मी म्हटलं.

"काय सांगू? तुमच्या एवढ्या महागड्या पडद्यापेक्षा माझी कातडी बरी? सासऱ्याची माणसं अशीच हेकट, म्हणतील."

तो आठवडा मल-सुनचा वाईट गेला. सोमवारी टॉवेलांच्या खोलीत तिच्या नावाचं कपाट आलं. मंगळवारी समोरच्या इमारतीतून गडद काळे चष्मे घालून उतरणाऱ्या प्रत्येक पोरीकडं ती जिन्यातून वाकून बघायची, त्यात छॉंगदोची कुणी आहे का. बुधवारी म्हणाली, "नाही येणार ती. बाटली तिच्या दप्तरातच राहिली. मी मागून घ्यायला हवी होती." गुरुवारी तिनं हा-वॉनला खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. सवय व्हावी म्हणून.

शुक्रवारी, महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी, दहाला दार उघडलं. पुढं आई, आज हातात दोन पेट्या. मागं सो-दाम, बापाची टोपी कपाळावर ओढलेली.

"काड ती टोपी," आई म्हणाली.

मुलीनं टोपी काढली. दोन बारीक, सपाट डोळे, स्वच्छ. कुठं लाली नाही. उजव्या पापणीवर काहीच नाही, आणि डावीवर, अगदी खाली, केसाएवढी एक स्वतःची रेघ.

मल-सुननं आईकडं बघितलं. आईचे डोळे हुबेहूब तेच.

"काय सांगू बाई तुमाला," आईनं बसायचीही वाट बघितली नाही. "रविवारी आमी सगळी अमरफळं सोलत बसलोय, दोऱ्यात ओवून टांगायची आसत्यात. ही आली आनि बसली म्होरं. म्या म्हनलं, ह्ये कोन? नीट बगितलं तर मीच! माज्या लग्नातल्या फोटुतली मी! हातातली सुरी ऱ्हायली हातात."

"रागावलात का?"

"रागावनार कशी? सगळं बोलली ती, रडली बी. पर मला हसूच आवरंना. तीन वर्सं मी पोरीला काय बोलायला गेले, की समोर सासूबाईचे डोळे! बावीस वर्सं त्या डोळ्यांनी मला भातात मीठ किती ते इचारलं. मेली तरी घरात हिंडतीया म्हनून मी बिचकत हुते. पोरीला धड आवाज चडवून बोलले न्हाई मी तीन वर्सं!"

हा-वॉननं तोंडावर वही धरली. मल-सुन मात्र मोठ्यानं हसली आणि हसताना तिचे डोळे पार दिसेनासे झाले.

"मग आता करायचं की नाही?" तिनं सो-दामला विचारलं.

"करायचं," मुलगी म्हणाली. "पण आजीचे नकोत. आईला परत धाक बसेल. थोडंसंच. कुणी केलंय असं म्हणू नये एवढंच."

"करू दे," आई म्हणाली. "बापानं शब्द दिलाया."

डॉक्टर आले. हनुवटी उचलली, पट्टी लावली. मग थांबले. पडद्यावर गेल्या आठवड्याचा फोटो लावला, जांभळी रेघ असलेला. पुन्हा मुलीकडं बघितलं, पुन्हा पट्टी लावली. डाव्या डोळ्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्या जुन्या रेघेची जागा, त्या शनिवारी जिच्यावरून सुरी फिरली असती, सूज उतरल्यावर आता भुवईकडं दोन मिलिमीटर वर चढून बसली होती, आणि डावी-उजवी सारखीही नव्हती. आई विचारत होती, "काय झालं? काय दिसतंय?"

"काही नाही. बरं झालं थांबलात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पडद्यावर नवे डोळे काढले. पाच, मग साडेपाच.

सो-दाम बराच वेळ बघत राहिली. "हे मला कळत नाहीये. ही मुलगी हलतच नाही." मग ती मल-सुनकडं वळली. "मावशी, तुमच्यावर दाखवा ना."

मल-सुन उठली नाही. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा तिच्या स्टुलाकडं, आणि हा-वॉनला खूण केली. हा-वॉन खुर्चीतून उठली.

मल-सुन बसली. तार टेकवली. पाच. डोळे मिटले, उघडले, वर बघितलं, खोटं खोटं हसली. साडेपाच. पुन्हा सगळं तसंच. तिसऱ्या वेळी डॉक्टर स्वतः वाकून जवळ आले, कपाळाशी कपाळ टेकेल एवढे. "कोपऱ्यात जरा खाली घ्या. हां. आता हळूहळू मिटा."

"हेच," सो-दाम म्हणाली. "हे पाचवालं."

"आनि मला कसं दिसंल?" आईनं मान पुढं केली.

"तुझं नको!" मुलगी ओरडली. "मग मी कुणासारखी दिसू?"

मुलीचं मंगळवारचं ठरलं. नुसते टाके, कापायचं नाही. त्या दोघी जिना उतरून माझ्याकडं आल्या आणि आईनं सगळ्यात मोठा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवून बघितला.

दुपारी डॉक्टरांनी मल-सुनला आत बोलावलं. तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर, मी करणार नाही. डिसेंबर लागतोय. टॉवेलांच्या खोलीची किल्ली द्या."

डॉक्टर कागद चाळत होते. "फोटो पुसायचा नाही तो, गेल्या आठवड्याचा. मला ठेवायचाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फेब्रुवारीपर्यंत हंगाम आहे. तोवर तुम्ही समोर बसा. पुढचं पुढं बघू."

"आणि हा-वॉन?"

"तिला शिकवा. पडदा तिला येतो." ते जरा अडखळले. "ती तार कुठल्या कंपनीची? माझ्याकडच्या सगळ्या टोचतात."

"कसली कंपनी? केसांची पिन आहे. टोक घासून वाकवलीय मी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि दुसरा कागद घेतला. मल-सुन बाहेर आली. कपाटाचं काय करायचं ते तिनं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पुढचं पुढं म्हणजे काय, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. खुर्ची होती तिथंच होती. हा-वॉन स्टुलावर वही उघडून बसलेली.

"वही ठेव बाई खाली," मल-सुन म्हणाली, "आणि यादी दे उद्याची."

शनिवारच्या नऊ पोरींना फोन करायचे होते. तिनं चष्मा नाकावर घेतला, पहिला नंबर फिरवला आणि दुसऱ्या हातानं अमरफळ पुसायला घेतलं.

"हॅलो, पापण्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. उद्या साडेनऊ, ना? बरं. आज रात्री केस धुऊन घे बाई, नंतर तीन-चार दिवस डोळ्याला पाणी लावता यायचं नाही. आणि गोंद, चिकटपट्टी, काही लावत असशील तर आत्ताच सांग. मी कुणाला सांगत नाही."